सरकारला सगळं ठाऊक, तर झेरॉक्स कशाला?

प्रश्न : आमच्या वडिलांचा सातबारा ऑनलाइन आहे, आधार बँकेला जोडलेलं आहे, पीएम किसानचा हप्ता परस्पर खात्यात येतो. तरीही रोटाव्हेटरच्या अनुदानासाठी अर्ज केला तेव्हा पुन्हा सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, जातीचा दाखला असं सगळं द्यायला लावलं. यातले बहुतेक कागद सरकारनेच दिलेले. मग सरकारच सरकारला का विचारत नाही?
— एक वाचक, सासवड

उत्तर : विचारतं की, पण मर्जी असेल तेव्हा. केंद्राच्या पीएम किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये मिळतात. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी आणला आणि त्यात स्वतःचे आणखी ६,००० घातले. त्यासाठी वेगळा अर्ज नाही की रांग नाही. पीएम किसानची तपासलेली यादी उचलली आणि त्याच शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे सोडले. तुमच्या वडिलांना कदाचित हप्त्याचा मेसेज आल्यावरच योजना कळली असेल. म्हणजे एकाने गोळा केलेली माहिती दुसऱ्याने वापरणं आपल्याकडे होतं, आणि चांगलं होतं. मग अवजाराच्या अनुदानाला माशी कुठे शिंकते?

पहिलं कारण अगदी माणसाचं आहे. तुमची फाइल पुढे सरकवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात तुमचा रोटाव्हेटर नसतो, ऑडिट असतं. चार वर्षांनी कोणीतरी येऊन विचारणार, ‘या अर्जदाराकडे त्या वेळी जमीन होती याचा पुरावा दाखवा.’ तेव्हा ‘महसूल खात्याच्या कॉम्प्युटरवर दिसत होती’ हे उत्तर चालत नाही. सातबारा बदलत राहतो. मधल्या काळात वाटप झालं, विक्री झाली, बोजा चढला किंवा उतरला, तर आजचा उतारा चार वर्षांपूर्वीचं काही सांगत नाही. त्याला त्या तारखेचा कागद हवा असतो, कारण आक्षेप निघाला तर मान त्याचीच अडकते. ‘फाइलला लावा एक कॉपी’ ही सवय म्हणून कॉम्प्युटर येऊनही गेली नाही. फाइलची पीडीएफ झाली, एवढंच.

याचं औषध घरातच आहे. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. पंधरा रुपये भरले की उतारा निघतो, त्यावर तारीख असते आणि खाली १६ अंकी पडताळणी क्रमांक. हाच उतारा अनुदान देणाऱ्या कार्यालयाने स्वतः काढून आपल्या फाइलला ठेवला तर ऑडिटचं समाधान होईल आणि तुमचा हेलपाटाही वाचेल. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक त्याच दिशेने टाकलेलं पाऊल आहे. शेतकऱ्याचं आधार आणि त्याच्या जमिनीच्या नोंदी एका क्रमांकाखाली आणायच्या, म्हणजे पुढच्या अर्जाला सातबारा वेगळा जोडावा लागू नये. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी हा क्रमांक लागतो. काढला नसेल तर काढून घ्या.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. वडिलांचा सातबारा, आधार कार्ड आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवून बघा. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा विठू’, आधारवर ‘ज्ञानेश्वर विठ्ठल’, आणि पासबुकात तेच नाव इंग्रजीत. विठ्ठलमध्ये टी किती आणि एच कुठे, हे खातं उघडणाऱ्याच्या हाताला जसं आलं तसं. जन्मतारीख बहुधा १ जानेवारी. शाळेचा दाखला नव्हता, वय अंदाजाने सांगितलं, त्यातून वर्ष काढलं आणि दिवस-महिना आपोआप पडला. सातबाऱ्यावर वडिलांसोबत चार चुलते सामाईक, कोणाचा हिस्सा किती ते लिहिलेलं नाही. गावात कोणालाही विचारा, हे तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे तो झोपेतही सांगेल. यंत्राला मात्र तीन माणसं दिसतात.

नोंदी जुळवायचं हे काम कोणी करायचं, यावर सगळं अडतं. राज्याने याचा धडा एकदा फार महाग घेतला आहे, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी, आणि अर्ज ऑनलाइनच. शेतकऱ्याने केंद्रावर जायचं, आधार द्यायचं, नवरा-बायको दोघांची माहिती भरायची आणि कोणत्या बँकेचं किती कर्ज आहे तेही आपणच सांगायचं. ऐन खरिपात लोक सर्व्हर चालू होण्याची वाट बघत केंद्राबाहेर बसून राहिले. दुसरीकडे बँकांकडून त्याच कर्जांची माहिती वेगळी मागवली, आणि मग दोन्ही ढीग एकमेकांशी जुळवायला घेतले. दिवाळीत समारंभाने प्रमाणपत्रं वाटली गेली. याद्या मात्र जुळेनात. एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे लागल्याच्या बातम्या छापून आल्या. हातात प्रमाणपत्र आहे आणि खात्यात पैसे नाहीत, अशी कित्येकांची गत झाली.

आता बघा, कर्ज दिलं बँकेने. थकबाकी बँकेच्या वहीत पैशापैशापर्यंत लिहिलेली. आणि आकडा विचारला कोणाला, तर शेतकऱ्याला! जे ज्याला पक्कं ठाऊक आहे ते त्याला विचारायचं, ही साधी गोष्ट सुटली. अर्ज ऑनलाइन असल्याने ती सुटायची राहिली नाही; उलट चुका जास्त वेगाने गोळा झाल्या.

अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. मर्यादा दोन लाख. या वेळी क्रम उलटा केला. अर्जच ठेवला नाही. आधार जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती बँकांनी भरली. फेब्रुवारी २०२० पासून विशिष्ट क्रमांकासह याद्या लागू लागल्या. शेतकऱ्याने यादीत आपला क्रमांक बघायचा, केंद्रावर जाऊन आधारने ओळख पटवायची, आणि पडद्यावर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. अमान्य असेल तर तक्रार जिल्हा पातळीवरच्या समितीकडे. सरकारने माहिती आधी गोळा केली आणि नागरिकाला एकच विचारलं : ‘हे बरोबर आहे ना?’ पुढे टाळेबंदीने याद्यांची गाडी रखडली, ती गोष्ट वेगळी. राज्याच्या डिजिटल कारभारात मला सगळ्यात शहाणा वाटलेला बदल हाच, आणि त्यात नवं अ‍ॅप वगैरे काही नव्हतं. एखादी योजना कशी चालणार याचा अंदाज घ्यायचा असेल तर मी आता एवढंच पाहतो की अर्जात सरकारला आधीच ठाऊक असलेलं किती विचारलंय.

मात्र तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, त्याला थोडा धक्का द्यायला हवा. सरकारने सरकारलाच विचारलं की सगळं सुरळीत होईल, असं नाही. नमो शेतकरीची यादी पीएम किसानवरून घेतली, त्यामुळे पीएम किसानची ई-केवायसी राहिली किंवा जमिनीची नोंद जुळली नाही तर दोन्ही हप्ते एकदमच थांबतात. पूर्वी चूक एका कचेरीपुरती राहायची, आता तिला पाय फुटतात.

कांद्याचं उदाहरण तर डोळ्यात पाणी आणणारं आहे. सातबाऱ्यातला बारा नंबर म्हणजे पिकांची नोंदवही. ती पूर्वी तलाठी भरायचा, आणि शिवारात पाय न टाकता चावडीत बसून पीकपाहणी उरकल्याच्या तक्रारीही तितक्याच जुन्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने अ‍ॅप उघडायचं, खाते आणि गट निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं आणि रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. चूक झाली तर ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करता येते. कल्पना चांगलीच. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याच्या रानात रेंज नाही, किंवा ज्याला हा फोटो पुढे कशाला लागणार हेच कोणी सांगितलं नाही, त्याचा बारा नंबर कोरा राहिला.

मग फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये कांद्याचे भाव पडले. राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं आणि अट घातली की सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणी हवी. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात आहे, म्हणजे कांदा पिकला होता यात शंका नाही, पण सातबारा म्हणतो की या रानात कांदाच नव्हता. ओरड झाली. शेवटी अट ढिली करून गावपातळीवरच्या समितीने खात्री करून द्यावं, असं ठरलं. तोवर कांदा विकून झालेला, रान मोकळं झालेलं. समितीला शेजारीपाजारी विचारूनच खात्री करावी लागणार. म्हणजे ज्या तोंडी साक्षीला वगळायला यंत्रणा उभी केली, तिलाच शेवटी बोलावणं गेलं. मला त्यात वावगं वाटत नाही. नोंद नाही म्हणजे गोष्टच घडली नाही, असं मानणाऱ्या यंत्रणेला अशी एक मागची वाट लागतेच, फक्त ती ओरड व्हायच्या आधी ठेवलेली बरी.

तेव्हा पुढच्या वेळी अडलात तर नुसते कागद पुन्हा देऊन मोकळे होऊ नका, मुळातली नोंद दुरुस्त करा. सातबाऱ्यावरच्या नावात लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली ती दुरुस्त होते. अर्जासोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची किंवा मूळ फेरफाराची नक्कल जोडा. कारण कित्येक चुका सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना शिरल्या आहेत. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं ते यासाठीच. संगणकातला उतारा लोकांसमोर वाचायचा आणि ज्याचं चुकलं असेल त्याने तिथेच सांगायचं. ज्यांच्या घरचं कोणी त्या दिवशी चावडीवर नव्हतं, त्यांना चूक आता तुमच्यासारखी अर्ज करताना कळते. शिवाय सेवेला उशीर होत असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्या कार्यालयाच्या अधिसूचित सेवांची यादी बाहेर लावलेली असायला हवी, प्रत्येक सेवेपुढे दिवस लिहिलेले असतात. मुदत टळली तर खात्यातच दोन अपिलं आणि त्यानंतर आयोग. कारण नसताना अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मात्र घ्याच. पोच नाही, तर मुदत मोजायची कुठून?

प्रश्न : आजोबांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होऊन बरीच वर्षं झाली, सातबाऱ्यावर ते अजून आहेतच. दोन्ही दप्तरं एकाच गावात. कॉम्प्युटरने नाव आपोआप का उतरत नाही?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे ग्रामपंचायतीत होते. सातबारा महसूल खात्याचा. कायद्याने जमिनीतला हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत देण्याची जबाबदारी वारसांवर टाकली आहे. वारसांनी अर्ज दिला की तलाठी (म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जाऊ देतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज आला नाही तर काहीच हलत नाही. अशा नोंदी इतक्या साचल्या की २०२५ मध्ये राज्याला जिवंत सातबारा मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम हाती घ्यावं लागलं.

पण आपोआप नाव उतरवण्याच्या मी विरुद्ध आहे. माणूस गेला ही एक घटना आहे आणि तिला दाखला पुरतो. त्याचे वारस कोण, हा दाव्याचा विषय आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं वगळून भावांनीच वारस लावून घेतल्याची प्रकरणं महसूल दप्तरांत पैशाला पासरी सापडतील. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही घ्यायची घाई कमी झालेली नाही. रेशन कार्डावर कोण आहे ते बघून यंत्राने वारस ठरवले, तर सासरच्या कार्डावर गेलेली मुलगी पहिली गळणार. यंत्राने करावं ते एवढंच : मृत्यूची नोंद झाली की ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे आपोआप सूचना जावी आणि वारसांना मोबाइलवर निरोप. जन्म-मृत्यूच्या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही माहिती इतर खात्यांना पुरवण्याचा रस्ता उघडला आहे. पुढची नोटीस, हरकत, सुनावणी माणसांनीच करावी. तुम्ही आता ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या करू शकता. आत्यांची नावं घालायला विसरू नका.

प्रश्न : ‘माहिती एकदाच विचारायची’ असं कुठल्या देशाने खरंच करून दाखवलंय का? आणि मग सगळी माहिती एका जागी गोळा होऊन सरकार आपल्यावर नजर ठेवणार नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एस्टोनियाचं नाव घेतलं जातं आणि ते रास्त आहे. तिथे २००१ पासून एक्स-रोड नावाची व्यवस्था चालते. माहिती एका जागी गोळा केलेलीच नाही. लोकसंख्येची नोंद तिच्या खात्याकडे, वाहनांची वाहन खात्याकडे, आरोग्याची आरोग्य खात्याकडे. एकाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर सुरक्षित वाटेने विचारायचं आणि विचारल्याची नोंद मागे ठेवायची. त्याहून मोठी गोष्ट कायद्यात आहे : जी माहिती एका नोंदवहीत गोळा होते तिच्यासाठी दुसरी वेगळी नोंदवही उघडायला सरकारी कार्यालयांना मनाई आहे. नागरिकाला आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, तेही बघता येतं.

लगेच हुरळून जाऊ नका. त्या देशाची लोकसंख्या गोव्याहूनही थोडी कमी आहे. आणि तिथेही २०१७ मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. सुमारे साडेसात लाख कार्डांचा प्रश्न होता, दुरुस्त होईपर्यंत त्यांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवावी लागली.

आपल्याकडे पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे ओळखीचा क्रमांक आपल्याकडे येऊन बराच काळ लोटला. मागे राहिलं ते ‘कोणी पाहिलं’ हे दाखवणं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी सरकारला त्यात बरीच मोकळीक ठेवली आहे. कोणत्या खात्याने माझ्या नोंदी उघडल्या ते दाखवणारा एकच पडदा आपल्याला अजून मिळालेला नाही, आणि तो मागायला हवा. तोवर हाताशी आहे ते वापरा. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं याचा इतिहास दिसतो. तिथेच बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंदही करता येते. एकदा बघाच. एखादं अनोळखी नाव दिसलं तर तारीख टिपून ठेवा.

प्रश्न : महाभूलेखवरून काढलेला सातबारा बँकेने परत केला. सरकारचीच साइट ना?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : सरकारचीच, पण तिथला मोफत उतारा नुसता बघण्यासाठी असतो, त्यावर तसं छापलेलंही असतं. बँकेला डिजिटल सहीचा उतारा द्या. त्यावर तलाठ्याची सही किंवा शिक्का लागत नाही. कोणी मागितलाच तर खालचा पडताळणी क्रमांक दाखवून ‘इथे तपासून घ्या’ म्हणा. स्वतः काढलात तर पंधरा रुपये. केंद्रावर काढलात तर तिथला दरफलक वाचा आणि पावती घ्या.